टिंबाच्या पुढचं

मास्तरांच्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटा लाल पट्टीत टेकला होता. ताईंनी गाडीतलं दुसरं सिलिंडर आत आणवलं, पाना फिरवला, नळी जोडली आणि मास्तरांच्या ओठांवरची निळसर छटा उतरेपर्यंत त्यांचं मनगट धरून बसल्या. जुनी नळी बदलायला म्हणून त्या सहज आल्या होत्या, म्हणून निभावलं.

"अहो, कळवायचं नाही का?"

"कळवलं की," मास्तर थांबत थांबत म्हणाले. "कालच. बटण दाबलं. दोनदा."

घरोघरी ऑक्सिजन पोचवणं हा ताईंचा धंदा. धाप लागलेल्या माणसाला फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून दुकानाच्या वेबसाइटवर एक मोठं बटण होतं. पेशंटने ते दाबलं की ताईंच्या मोबाइलवर निरोप यायचा. काल एकही निरोप आला नव्हता, आणि दिवस शांत गेला म्हणून ताईंना बरंच वाटलं होतं.

त्यांनी मास्तरांच्या मोबाइलवर वेबसाइट उघडली. बटण नव्हतं. कोऱ्या पानावर एवढंच लिहिलं होतं, की या नावाची मुदत संपली आहे.

दुकानात परतताच त्यांनी ड्रायव्हरला सगळ्या पेशंटांना फोन लावायला बसवलं. "जो उचलणार नाही, त्याच्या घरी जायचं. लगेच." मग शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याला हाक मारली.

"साइट जागेवरच आहे, ताई," तो पाहून म्हणाला. "पत्त्याचं नाव गेलंय. हे नाव कायमचं मिळत नाही, मुदतीवर मिळतं. कुणाच्या नावावर आहे?"

"धाकट्या बहिणीच्या."

"मग मुदत त्यांनाच वाढवता येईल. आठवणीच्या मेलही त्यांनाच गेल्या असतील."

वेबसाइट धाकटीनेच उभी केली होती. नाव तिने स्वतःच्या खात्यावर घेतलंय हे कळलं, तेव्हा ताई ड्रायव्हरसमोर म्हणाल्या होत्या, "आज नाव घेतलंस, उद्या दुकानही घेशील." धाकटी पर्स उचलून निघून गेली. त्यानंतर काही वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"आपण हेच नाव पुन्हा घेऊ या ना," ताई म्हणाल्या.

"हेच पुन्हा कसं मिळेल? ते अजून त्यांच्याच खात्यावर आहे. आपलं डॉट ऑर्ग आहे. डॉट कॉम घेतलं तर नाव तेच, पण पत्ता निराळा. टिंबाच्या पुढचं बदललं की सगळंच बदललं. पेशंट जुन्याच दाराशी उभे राहणार." तरी त्याने शोधून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "कॉम आधीच कुणीतरी घेतलंय. नेटसुद्धा. मालकाचं नाव झाकलेलं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाची तरी या नावावर नजर आहे. अजून काही दिवस ऑर्गवर तुमच्या बहिणीचा हक्क आहे. नंतर तेही त्यानेच उचललं आणि असंच बटण लावून ठेवलं, तर पेशंट ते दाबत बसतील. निरोप जाईल कुठे?"

पलीकडे ड्रायव्हर म्हणाला, "गिरणीजवळच्या आजी फोन घेत नाहीत. निघतो मी."

ताईंनी धाकटीचा नंबर लावला. बरीच रिंग वाजल्यावर तिने उचलला.

"मी बोलतेय. साइट बंद पडलीय."

"अगं बाई," धाकटी म्हणाली. मग नुसता श्वास ऐकू आला. "मेल बघितल्याच नाहीत... हॉस्पिटलात होते... थांब, उघडते."

ताईंनी मोबाइल कानाशी घट्ट धरला. दोन-तीन शब्द, मग थांबणं, मग पुन्हा दोन-तीन शब्द. असं बोलणं त्या रोज ऐकत होत्या.

"झालं," धाकटी म्हणाली. "भरलं. थोडा वेळ लागेल... चालू होईल."

"ऐक, कॉम आणि नेट कुणीतरी घेऊन ठेवलंय. आपल्याला..."

"माझ्याकडेच आहेत. पहिल्यापासून."

"कशाला?"

"कुणी आपल्या नावाने... पेशंटांना भलतीकडे... नेऊ नये म्हणून."

ताईंनी विचारलं, "तुला घरी ऑक्सिजन लावायला सांगितलाय का?"

"सांगितलाय."

"लावलास का?"

"बघू."

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला. आजींच्या सिलिंडरमध्ये थोडाच ऑक्सिजन उरला होता, त्याने नवीन जोडलं होतं, आजी बऱ्या होत्या. दुपारपर्यंत साइटही सुरू झाली. कॉम्प्युटरवाल्याने बटण दाबून पाहिलं आणि ताईंचा मोबाइल वाजला. त्यांनी तो त्याच्याच हातात दिला. "आज निरोप तू बघ. एकही सुटता कामा नये." मग हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवलं.

धाकटीने दार उघडलं आणि चौकट धरून उभी राहिली. ती काही बोलणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "आधी बस."

त्यांनी यंत्र पलंगाशी लावलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं ऑक्सिजनचं माप लावलं. मग नाकाला लावायची नळी कानामागे अडकवायला धाकटीचे केस हळूच बाजूला घेतले. ते इतके पांढरे झालेले ताईंना माहीत नव्हतं.