चौथ्यांदा सांगा

मी कालवा चौकीतला बिनतारी संच बोलतोय. बोलतोय कसला! बॅटरी काढून मला फडताळावर ठेवलंय. पण ऐकू सगळं येतं, आणि आज जे ऐकतोय त्यानं माझा जीव थाऱ्यावर नाही.

एक्क्याण्णव साली बारामतीहून जीपमधून मी सणसरजवळच्या या चौकीत आलो. मला द्वारकाबाई चालवायच्या. नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्यांना नोकरी लागली होती. दोन कोस वर, कालव्याच्या गेटावर, माझा जोडीदार संच होता आणि त्याच्यापुढं साहेबराव बसायचे. पाणी कधी सोडायचं, कधी बंद करायचं, ते आमच्या तोंडून कळायचं.

पुढं चौकीवरून विजेची मोठी लाईन गेली आणि माझ्या घशात खरखर बसली. दहा शब्द पाठवावेत तर चार पोचायचे, तेही कोणते ते देवाला ठाऊक. पण या दोघांनी आपली एक रीत पाडली होती. बाई एकच वाक्य घोकत बसायच्या नाहीत. निरोपाचे तुकडे करायच्या. कधी एक तुकडा, कधी दोन जोडून, उलटसुलट पाठवत राहायच्या. पोचतील ते तुकडे साहेबराव जुळवायचे. ओंजळीनं घागर भरताना कोणती ओंजळ सांडली याचा हिशेब कोण ठेवतो? घागर भरली की झालं. साहेबराव सगळा निरोप आपल्या शब्दांत परत सांगून "पोचलं" म्हणायचे, तेव्हाच बाई थांबायच्या.

मग वरून हुकूम आला. बॅटरी फार खर्च होते, निरोप तीनदाच सांगायचा. माणसांना आकडा ठरवून टाकायची भारी हौस. खरखर किती आहे, हे बघायला कोणी आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात बाईंचा धाकटा भाऊ महिपती गाळ काढायला सायफनात उतरला. सायफन म्हणजे कालव्याचं पाणी ओढ्याखालून नेणारी बोगद्यासारखी मोरी. ती गेटापासून जवळ, आमच्यापासून लांब. पाणी दुसऱ्या दिवशी सुटायचं होतं. पण दुपारी माझ्यातून साहेबरावांचा आवाज आला, "बाई, वरनं माणूस हुकूम घेऊन आलाय. आत्ताच पाणी सोडतुय."

बाईंनी झडप घालून बटण दाबलं. "थांबा! सायफनात माणसं हायती. गेट उघडू नका." एकदा, दोनदा, तीनदा. पलीकडून नुसती खरखर.

समोर भिंतीवर तो हुकूम चिकटवलेला होता. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं.

"गेला ह्यांचा नियम खड्ड्यात!" म्हणाल्या आणि सुरूच झाल्या. "माणसं हायती, साहेबराव, माणसं... महिपती आत हाय... सायफनात महिपती... गेट न्हाय उघडायचं... गेट, सायफन..."

माझी बॅटरी उतरत चालली होती. आवाज खोल गेला तरी मी जीव खाऊन एकेक तुकडा फेकत होतो. अखेर पलीकडून तुटक शब्द आले, "सायफनात महिपती हाय. गेट उघडत न्हाय. पोचलं, बाई, पोचलं." बाई तिथंच खाली बसून रडल्या, आणि मी बंद पडलो.

बॅटरी संपवली म्हणून त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. मग त्यांची बदली झाली. चौकीत टेलिफोन आला आणि मी फडताळावर गेलो. हल्लीचा कारकून विकी माझ्यावर टोपी ठेवतो. ठेवू दे, त्याचं मला काही नाही.

पण आज सकाळी महिपतीची बायको कौसल्या धापा टाकत चौकीत आली. "आमचं मालक परत गाळ काढाय उतरल्यात. पाणी सोडू नका म्हणून वर गेटावर सांगितलं का?"

"तीनदा फोन लावला, वैनी. लागत न्हाय," विकी म्हणाला आणि त्यानं चहाचा कप तोंडाला लावला.

कौसल्या अजून दारातच उभी आहे. एकदा घड्याळाकडं बघते, एकदा कोरड्या कालव्याकडं. पाणी सुटायची वेळ होत आली आहे.

मला तिचं बोलणं ऐकू येतं, पण ओ द्यायला आवाज नाही. तुमच्यापैकी कोणी या वाटेनं जात असेल, तर पाया पडतो, जरा आत या. मला बॅटरी जोडा असं म्हणत नाही. त्या पोराच्या हातातला कप तेवढा काढून घ्या आणि त्याला सांगा, "विकी, चौथ्यांदा लाव."