दंडावरची पिवळी पट्टी

रविवारी दुपारी बारा वाजता मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. दारात चपलांचा ढीग, जिन्यात बायका, खिडकीच्या गजांना लोंबकळणारी पोरं. आणि सगळ्यांचे डोळे माझ्या सासूच्या उजव्या हातावर.

बिभीषण महाराज डोळे मिटून पुटपुटायचे, मग एकदम आरोळी ठोकायचे, "निघाला! माळ वलांडला, वढा वलांडला, रेल्वेचा रूळ बी वलांडला! आला, बिरोबा आला!"

आणि खरोखर माझ्या सासूचा, बानाबाईंचा हात हलायला लागायचा. मनगट खाली वाकायचं, बोटं एकमेकींना चिकटून पुढं यायची, अंगठा आत वळायचा. अगदी भंडाऱ्याची चिमूट धरावी तसा. आम्हा धनगरांत देवाला आणि माणसाच्या कपाळाला भंडारा लावतात तो याच चिमटीनं. महाराज त्या चिमटीत हळद भरायचे आणि माणसं कपाळ पुढं करायची. "चांगभलं!"

"बघितलं का?" शेजारच्या सरूबाई मला कोपरानं ढोसायच्या. "देव सोताहून तुझ्या घरी आला अन् तू तोंड पाडून उभी. शिकलेल्या बायांचं असंच असतं बाई."

मी शालूला कडेवर घेऊन मोरीपाशी उभी असायचे. आठ महिन्यांचं लेकरू, गर्दी पाहिली की रडायचं. मी बी.एस्सी. झालेली, पण आत्या सोंग करतात असं मला म्हणता येईना. सासूला मी आत्याच म्हणते. तो वाकडा हात मी एकदा सरळ करून पाहिला होता. लाकडासारखा घट्ट होता.

दुष्काळात मेंढरं विकून आत्या आमच्याकडं राहायला आल्या, त्याच वर्षी त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यासाठी डाव्या हातावर शस्त्रक्रिया केलेली, त्या हातात बांगडीसुद्धा चालत नाही. पुढं हाडं ठणकू लागली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मानेतल्या चार छोट्या ग्रंथी नको इतकं काम करताहेत, हाडांमधलं कॅल्शियम ओढून घेताहेत. त्यांना आवर घालायला त्यांनी एक हिरवी गोळी दिली.

"जेवणासोबत घ्यायची. अख्खी, तोडायची नाही. हिनं रक्तातलं कॅल्शियम उतरतं, म्हणून ही पांढरी कॅल्शियमची गोळी सोबत चालू ठेवायची. आठवड्यानं रक्त तपासू. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या, हातापायात पेटके आले, तर लगेच मला कळवायचं."

मी सगळं कागदावर लिहून घेतलं. तपासणीच्या दिवशी नेमका शालूला ताप चढला. रामहरी, माझा नवरा, बिडकीनकडच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळीला. घरी यायचा तो झोपण्यापुरता. आत्यांना सरूबाईंबरोबर पाठवलं. त्या डायलिसिस करून आल्या आणि रक्ताचं "पुढच्या खेपेला" म्हणून सांगून आल्या. पुढच्या खेपेला मीही विचारलं नाही. तो कागद फ्रिजवर चिकटवलेलाच होता.

त्याच सुमारास सरूबाईंनी महाराजांना घरी आणलं. महाराजांनी गोळ्या तळहातावर घेऊन न्याहाळल्या.

"ही पांढरी म्हंजे निव्वळ चुना. देवाच्या अंगाला चुना चालत नाय. टाकून द्या. हिरवी चालंल. हिरवा चारा, हिरवं रान, हिरवी आपली हाय."

सगळे हसले, आत्याही हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या होत्या. मी एकदा म्हटलं, "आत्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका." त्या म्हणाल्या, "तू लेकराकडं बघ." मी लेकराकडं बघितलं.

मग महाराज दर रविवारी आमच्याकडंच बसू लागले. येणाऱ्या प्रत्येकाच्या दंडावर ते पिवळी पट्टी बांधायचे, देवाला बसायला आसन म्हणून. तिसऱ्या आठवड्यात आत्यांच्या दंडावर बांधली आणि हात वळला. त्या दिवशी महाराज स्वतःच दचकले होते, हे मी पाहिलं. पण पुढच्या रविवारपासून ते सरावले. इतरांची पट्टी सैल, आत्यांची मात्र आवळून. तीन-चार मिनिटं मंत्र, मग देव. पट्टी सोडली की थोड्या वेळात देव परत माळावर.

एका बुधवारी जेवताना आत्या पदरानं सारख्या ओठ चोळत होत्या.

"आत्या, काय होतंय?"

"काय नाय. मुंगळे चालल्यावानी वाटतंय. बोटात बी. देव फिरतोय अंगात."

"कधीपासून?"

"लई दिस झाले. डॉक्टरणीला बोलू नको गं. म्हाराज म्हनले, दवाखान्यात सांगितलं की देव रुसतो."

माझा घास हातातच राहिला. फ्रिजवरचा कागद वाचला. माझंच अक्षर होतं. शालूला उचललं, आत्यांना ओढतच रिक्षात बसवलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग रक्तदाब मोजायचा पट्टा आत्यांच्या उजव्या दंडाला गुंडाळला, रबरी फुगा दाबून हवा भरली आणि तशीच ठेवली. घड्याळाकडं बघत राहिल्या. तीन मिनिटं झाली नसतील. मनगट वाकलं, बोटं जुळली, अंगठा आत वळला.

आत्यांनी डोळे मिटले. "देवा, हितं बी आलास?"

मॅडमनी हवा सोडली. "बानाबाई, देव नाही हो. रक्तात कॅल्शियम फार कमी झालं की नसा चिडतात. दंड आवळला की हात असाच वळतो. आणखी कमी झालं असतं तर झटके आले असते. हृदयाचा ठोका चुकला असता." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "पांढरी गोळी कधीपासून बंद आहे?"

मला सांगायची लाज वाटली. सांगितलं.

रक्ताचा आकडा बघून त्यांनी आत्यांना लगेच भरती केलं. शिरेतून कॅल्शियम दिलं, छातीला तारा लावून ठोके बघत राहिल्या. हिरवी गोळी काही दिवस थांबवली. मी म्हटलं, "आता ती गोळी नकोच." तशा त्या रागावल्या. "गोळीचा काय दोष? किती द्यायची, कधी थांबवायची, पुन्हा कधी सुरू करायची, हे रक्त बघून मी ठरवणार. महाराजांनी नाही आणि तुम्हीही नाही."

शनिवारी घरी सोडलं. निघताना मी विचारलं, "उद्या त्यांनी पट्टी बांधली तर?"

"उजव्याच हाताला. पाच मिनिटं, जास्त नाही. काही होणार नाही आता."

रविवारी गर्दी दुप्पट होती. देव दवाखान्यातून सुखरूप आला म्हणून महाराजांनी नारळ फोडला आणि पिशवीतून पट्टी काढली.

"बांधा," मी म्हटलं. "पाच मिनिटांत देव आला तर मी सगळ्यांच्या पाया पडते."

मी मोबाइलवर वेळ लावली. माळ वलांडला, वढा वलांडला, रूळ वलांडला. आत्यांचा हात मांडीवर उताणा पडलेला. महाराजांनी गाठ आणखी आवळली. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला. पाच मिनिटं झाली.

"बिभीषण," आत्या म्हणाल्या, "सोड. हात दुखतोय."

मी पट्टी सोडली आणि दोन्ही रिपोर्ट दाखवले, बुधवारचा आणि शनिवारचा. मुंग्या, चिमूट, आवळलेली पट्टी, टाकून दिलेली पांढरी गोळी, सगळं सांगितलं. "देव आणायचा म्हणून यांनी माझ्या सासूला मरणाच्या दारात बसवलं होतं," मी म्हटलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. महाराज कधी उठले ते कळलं नाही. पट्ट्यांची पिशवी इथंच राहिली. सरूबाई चपला शोधत म्हणाल्या, "देवाला बी घालवलं हिनं." अर्ध्या तासात घर मोकळं झालं.

तेव्हापासून रविवारी कोणी येत नाही. नळावर बायका माझ्याशी बोलत नाहीत. आत्या दारात बसून जिन्याकडं बघत राहतात. एका दुपारी, जेवणासोबत गोळी देताना मी रोजच्यासारखं विचारलं, "ओठांना मुंग्या?"

"नाय." गोळी गिळून म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं असं नाय गं. पयल्या दिशीच वाटलं, ह्यो देव नसंल. पर मेंढरं गेल्यापासनं मला कुनी नावानं हाक मारली नव्हती. तवा सगळे बानाबाई, बानाबाई करायले."

मी शालूला त्यांच्या मांडीवर दिलं आणि भांडी तशीच टाकून शेजारी बसले.

ज्यांच्या घरी अशी हिरवी गोळी चालू आहे त्यांना एवढंच सांगते. ती जेवणासोबत द्या, तारखेला रक्त तपासा, कुणाच्या सांगण्यावरून एक गोळीही कमी-जास्त करू नका. मुंग्या आल्या, हात वळला, तर हळद भरू नका, दवाखाना गाठा. घरातल्या कुणाच्या अंगात यायला लागलं तर आधी त्याच्या दंडाकडं बघा. आणि त्याच्याशी शेवटचं कोण, कधी बोललं होतं, तेही आठवून बघा. आमच्या घरात मला ते आठवलं नव्हतं.