नुसता रोरी

शोल हार्बरच्या धक्क्यावर रोरी बीटन नावाचे तीन पुरुष होते, आणि त्याचं कुणाला नवल नव्हतं. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या त्या किनाऱ्यावर आडनावं मूठभर आणि संतांची नावं त्याहून कमी. पोर जन्माला आलं की त्यातलंच एखादं त्याच्या गळ्यात पडायचं. मग पुढे गावच त्याला दुसरं नाव द्यायचं. एका रोरीनं लहानपणी चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या झग्याचं बटण गिळलं होतं, तो बटण. दुसऱ्याला काहीही विचारा, गळकं छप्पर असो की लग्न, तो म्हणायचा, "उद्या बघू." तो उद्या. पन्नाशी उलटली तरी त्याचं लग्न काही त्या दिवसावरून पुढे सरकलं नव्हतं. तिसरा मोरॅगचा नवरा. त्याला सगळे रोरीच म्हणायचे. नुसता रोरी.

मोरॅग डोंगरापलीकडच्या शेतावरची. लग्न होऊन इथं आली, आणि पहिल्याच हिवाळ्यात चर्चच्या जेवणासाठी केलेल्या ॲपल पायमध्ये तिनं साखरेऐवजी मीठ घातलं. जेवणं आटोपायच्या आत ती 'खारट' झाली होती. चार दिवस उशीत तोंड खुपसून रडली. मग एकदा दुकानात मागून हाक आली, "काय गं खारट, पीठ संपलं वाटतं?" आणि ती चटकन वळली. तेव्हा तिला कळलं की आपण आता या गावच्या झालो. नवरा मात्र याच गावात जन्मलेला, याच धक्क्यावर वाढलेला, आणि त्याला नाव नाही.

ही गोष्ट तिला आतून कुरतडायची. नाव पडायला लागतंच काय? माणूस घसरला, बोबडं बोलला, उलटा स्वेटर घालून आला, की पडलं. रोरी काय कमी घसरायचा? एकदा तो बोट बांधायलाच विसरला आणि ती एकटीच डुलत डुलत बंदराबाहेर निघाली. सगळा धक्का बघत होता. दुसरा कुणी असता तर त्याच्या नातवंडांनाही त्यावरून हाका मारल्या असत्या. लोक हसायला लागले खरे, पण मग एकमेकांकडे बघून गप्प झाले. दोघांनी जाऊन बोट मुकाट्यानं ओढून आणली. मोरॅगनं ते पाहिलं. असं काय केलंय माझ्या नवऱ्यानं?

"त्याला कुणी नावं ठेवत नाही आणि नावही ठेवत नाही," ती कॅसीला म्हणाली. कॅसी बटणची बायको, शेजारीण.

"नशीब समज. माझ्या पोरांना शाळेत काजं म्हणतात."

मोरॅगला हसू आलं नाही.

त्या मे महिन्यात शेवंडांचा, म्हणजे लॉबस्टरचा, हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी बोटी निघाल्या तेव्हा आकाश निरभ्र होतं. न्याहारीची भांडी धुऊन होईपर्यंत समोरचं कुंपणसुद्धा दिसेनासं झालं. असं धुकं तिथं कुणाला नवं नव्हतं. मोरॅगनं स्वयंपाकघरातला रेडिओ मोठा केला. बोटींवरची बडबड त्यावर ऐकू यायची आणि घरोघरच्या बायका त्या बडबडीवरच दिवस काढायच्या. सासू, ॲनाबेल, शेगडीपाशी सापळ्यांची जाळी विणत बसली होती.

"बटण, तुझी बोट दिसत नाही, पण तुझ्या पाईपचा वास येतोय रे," कुणीतरी रेडिओवर म्हणालं.

"मग नाकानंच ये माझ्यामागे," बटण म्हणाला.

हसणं, खरखर, पुन्हा हसणं. मग ज्यानं त्यानं आपलं काम धरलं, आणि तासाभरानं एकदम किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रातल्या माणसाचा आवाज. शहरातला, पुस्तकी आवाज.

"सर्व बोटींना सूचना. कॉर्मोरंट खडकाजवळ एक मच्छीमार पाण्यात पडला आहे. नाव, रॉडरिक बीटन. बोटीचं नाव..." इथं खरखर झाली, बोटीचं नाव त्यात गेलं. "जवळच्या बोटींनी मदतीला जावं. बाकीच्यांनी चॅनल मोकळा ठेवावा. कुणीही बोलू नये."

आणि खरंच कुणी बोललं नाही. रेडिओ नुसता सूं सूं करत राहिला.

मोरॅगच्या हातातली कपबशी टेबलावर कशी गेली तिला कळलं नाही. रॉडरिक म्हणजे रोरीच. पण तीन रोरींपैकी दोघांना या किनाऱ्यावर कुणी रोरी म्हणतं का? बटण पडला असता तर कळवणाऱ्याची जीभ आधी 'बटण' म्हणाली असती. उद्या पडला असता तर 'उद्या'. हे नाव घेतलं की गावात एकच माणूस मान वर करतो.

"आई, आपलाच आहे," ती म्हणाली.

ॲनाबेलनं विणकाम खाली ठेवलं. "माझा कोट दे."

धक्क्यावर बायका जमल्या होत्या. धुक्यात त्यांचे नुसते कोट दिसत होते. पाण्याकडून आवाज म्हणून नव्हता, धुक्याचा भोंगा तेवढा मधूनमधून हंबरत होता. कॅसी खांबाला धरून उभी होती. मोरॅगला पाहताच ती पुढे आली, पण जवळ येईना. दोन हात अंतरावर थांबली.

"माझा नाही तो," कॅसी म्हणाली. आवाज चिरका झाला होता. "माझ्याला कोण रॉडरिक म्हणतंय? त्याच्या आईला तरी आठवत असेल का ते नाव? बटणच म्हणाले असते ना, मोरॅग? तूच सांग."

तिनं मोरॅग म्हटलं, खारट नाही. मोरॅगच्या ते नीट लक्षात आलं.

"हो," मोरॅग म्हणाली. "बटणच म्हणाले असते."

"मग माझा नाहीच."

"नसेल."

"कॅसी," मागून ॲनाबेल म्हणाली. "गप्प राहा पोरी. तसं काही नसतं."

म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून पाण्याकडे बघत होती. ती बोलली तेव्हा कुणाकडेच पाहत नव्हती.

"माझ्या नवऱ्याला सगळा किनारा बूच म्हणायचा. याच धक्क्यावरून तीनदा पडला, तिन्ही वेळा वर आला, टोपीसकट. बुडवलं तरी बुडत नाही, म्हणून बूच. ज्या दिवशी तो वर आला नाही, त्या दिवशी पाद्रीबाबा दारात येऊन म्हणाले, 'ॲनाबेल, ॲलस्टर गेला.' मी विचारलं, कोण ॲलस्टर? खरंच विचारलं गं. मला वाटलं, पलीकडच्या गावातला कुणी. माणूस गेला की त्याचं खरं नाव बाहेर काढतात. इतर दिवशी कुणाला ते लागत नाही."

कॅसीनं खांब पुन्हा धरला.

मोरॅग सासूकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत बूच हे नाव तिच्या कानावर आलं नव्हतं. गावाच्या रीतीप्रमाणे बापाचं नाव पोराला चिकटतं, जशी बटणची पोरं काजं झाली. बूचचा रोरी झाला असता. पण बुडालेल्या माणसाच्या पोराला बूच कोण म्हणणार? आणि ते म्हणता येत नाही, तर दुसरं तरी कुठल्या तोंडानं ठेवायचं? तो दोन वर्षांचा असल्यापासून सगळं गाव त्याच्यासमोर जीभ चावत आलं होतं.

पण आता तिला त्याचं काय होतं! आता तिला एवढंच समजलं की मघाचा हिशेब चुकला. पाण्यातला रोरी तिचा असेल किंवा कॅसीचा असेल. आणि लगेच, तिला नको असताना, तिच्या मनात आलं, कॅसीचा असू दे. देवा, कॅसीचा असू दे. कॅसीला तीन पोरं आहेत, तरी कॅसीचाच असू दे. तिनं कॅसीकडे पाहिलं. कॅसी तिच्याचकडे बघत होती, आणि तिच्याही मनात काय चाललंय ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. दोघींनी एकदमच नजर वळवली.

उद्याची आठवण दोघींपैकी एकीलाही झाली नाही. त्याच्यासाठी धक्क्यावर कुणी आलेलंच नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग धुक्यात एक इंजिन धडधडू लागलं. बायका कडेला सरकल्या. आधी निळी कड दिसली, मग केबिन, मग केबिनच्या दारात उभा असलेला बटण. तोंडात पाईप, पण विझलेला.

कॅसीनं खांब सोडला. ती धावली, आणि चार पावलांवर थबकली. परत फिरली. मोरॅगपाशी येऊन तिनं तिचा हात घट्ट धरला. तो हात मोरॅगला सोसवेना. तिनं झटकून सोडवून घेतला.

"कोण आहे?" ती बटणवर ओरडली. "कोण पडलंय?"

"दिसलं नाही मला!" बटण ओरडला. "धुक्यात मी खडकाच्या भलत्याच बाजूला गेलो. तिकडे एक बोट रिकामी गोल गोल फिरत होती असं म्हणतात. कुणाची ते ठाऊक नाही, खारट. देवाशप्पथ ठाऊक नाही."

तिचा रोरी एकटाच जायचा. मदतनीस परवडत नाही म्हणायचा. रिकामी बोट म्हणजे एकट्याची बोट. मोरॅग तिथंच सापळ्यांच्या ढिगावर बसली. ॲनाबेल उभीच होती. नवऱ्याची बातमी दारात उभं राहून ऐकलेली बाई ती. बसायचं नाही हे तिनं ठरवलेलं दिसत होतं.

दुसरं इंजिन आलं ते फार हळू. बोट घरचीच होती, हिरवी. सुकाणूच्या चाकाजवळ कुणी उभं दिसेना. मोरॅग उठली. बोट अजून जवळ आली, तेव्हा दिसलं की चाक खांद्यानं रेटून धरून एक माणूस खाली वाकलाय, आणि घोंगड्यांच्या गुंडाळ्यातल्या दुसऱ्या माणसाच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देतोय. वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर तिनंच विणलेली टोपी होती.

ॲनाबेलनं तेव्हा डोळे मिटले.

गुंडाळ्यात उद्या होता. सापळा टाकताना दोराचा वेढा पायात अडकला आणि सापळ्याबरोबर तोही गेला. रोरीला त्या सापळ्याचा पाण्यावर तरंगणारा बोया वाकडातिकडा नाचताना दिसला, म्हणून त्यानं दोर ओढायला घेतला आणि उद्याला वर काढलं. धक्क्यावर चार जणांनी उद्याला उचललं तेव्हा तो ओठांनी निळा होता, पण खोकत होता. त्याला गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. मोरॅगला रडू आलं, ते आनंदाचं. आणि मग ध्यानात आलं की आपण दुसऱ्या माणसाच्या निळ्या ओठांकडे बघून आनंदानं रडतोय. ती शरमेनं मान खाली घालून घरी चालत गेली.

संध्याकाळी रोरी शेगडीपुढे बसला होता. दोरानं तळहात सोलून निघाले होते. मोरॅग पट्ट्या बांधत होती.

"रेडिओ केंद्राला कळवलं कुणी?" तिनं विचारलं.

"मीच. दुसरं कोण होतं तिथं?"

"मग रॉडरिक बीटन का सांगितलंस? उद्या म्हणाला असतास तर... तुला कल्पना आहे मी आज काय काय..." तिनं पट्टी जोरात आवळली. रोरी कळवळला.

"मी त्याला उद्या कधीच म्हणत नाही," तो म्हणाला. "बटणलाही मी रोरीच म्हणतो."

इतक्या वर्षांत तिच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.

"का?"

"मला कुणी म्हणत नाही ना काही. लहानपणी एकदा म्हणून पाहिलं होतं बटणला. पोरं गप्प झाली. जणू काही मी चोरी केली. तेव्हापासून सोडलं." तो पट्ट्यांकडे बघत राहिला. "त्यांना माझ्यात काहीतरी खोट दिसत असणार. मी काय ते विचारलं नाही."

मोरॅगनं सासूकडे पाहिलं. ॲनाबेलनं सुया थांबवल्या.

"खोट नाही रे," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बापाचं नाव होतं एक. ते तुला मिळायचं होतं. मीच सांगितलं सगळ्यांना, माझ्या घरात आणि माझ्या पोरासमोर ते नाव काढलंत तर बघा. गावानं पाळलं. मला वाटलं नव्हतं इतकं पाळतील."

मग तिनं ते नाव सांगितलं. रोरी हसला नाही, रडलाही नाही. "तीनदा?" एवढंच त्यानं विचारलं. "टोपीसकट?"

उद्या जगला. त्याची फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत आणि पुढच्या हंगामाआधी त्यानं बोट विकली; पण तो धक्क्यावर येऊन बसायचा. रोरीशी तो जास्त बोलायचा, आणि रोरीला रोरीच म्हणायचा. एवढ्या मोठ्या प्रसंगावरून तरी नाव पडेल अशी मोरॅगला आशा होती. कॅसीनं तिच्यासाठी एक-दोन नावं सोडूनही पाहिली, 'गळ', 'ओढ्या'. धक्क्यावर कुणी उचलली नाहीत. मोरॅगला आता नाव मानासाठी नको होतं. रेडिओवर तीन रोरींतला आपला कोणता ते कळावं, इतक्यापुरतंच हवं होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये एका दुपारी रोरी धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या बापाला तुम्ही बूच म्हणायचात ना?" म्हातारे बुटांकडे बघायला लागले. मग त्यांच्यातला एक जण घसा खाकरून म्हणाला, "दुसऱ्यांदा पडला ना तो, तेव्हा त्याच्या खिशात पावशेर लोणी होतं..."

रोरी जेवायला उशिरा आला. ताट पुढ्यात घेऊन तो लोण्याची गोष्ट सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्यालाच इतकं हसू आलं की घास घशात अडकला. ॲनाबेलही हसली, डोळे पुसत. मोरॅगही त्यांच्याबरोबर हसली. पण तिचा एक कान रेडिओकडे होता. हवामानवाला सांगत होता की पहाटे दाट धुकं पडेल, आणि बोटींनी जपून जावं.