भेंडीच्या फुलांची लाइन

कारेगावच्या विहाराशेजारील खोलीत गौतमी ओव्हाळ बालवाडी चालवीत असे. येत्या जूनपासून ती चालू राहणार की नाही, हे शनिवारच्या पालकसभेवर ठरणार होते. शिक्रापूरच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन गावात येऊ लागली होती आणि निम्म्याअधिक आयांनी त्या व्हॅनवाल्याला तोंडी होकार देऊनही टाकला होता. त्यांचे मन वळवायचे, तर मुले इथे काय करतात ते डोळ्यांना दिसायला हवे, म्हणून गौतमीने भिंतभर मुलांची चित्रे मांडायचे ठरवले. नेमके त्याच आठवड्यात तिला प्रशिक्षणासाठी दौंडला जावे लागले आणि वर्ग तिच्या सासऱ्यांच्या हाती आला.

चांगदेव ओव्हाळ तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेले, आणि रांजणगावच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइन उभ्या करण्यात सारी नोकरी घालवलेले गृहस्थ. निवृत्तीनंतरही त्यांच्या घरातल्या चहाच्या कपांचे कान एकाच दिशेला असत. गौतमीने नेमून दिलेले काम अगदी सोपे होते. भेंडी आडवी कापायची, रंगात टेकवायची आणि कागदावर उठवायची. पाच पाकळ्यांचे फूल आपोआप उमटते. देठ आणि पाने मुलांनी बोटाने काढायची. निघताना ती म्हणाली, "मामा, सांडलं तर सांडू द्या. फक्त रंग खाऊ देऊ नका."

यातले दुसरे वाक्य चांगदेवांनी तंतोतंत पाळले.

पहिल्या दिवशी वर्गात हाहाकार उडाला. लाल रंगात हिरवा मिसळून दोन्ही चिखलाच्या रंगाचे झाले. एका मुलाने शेजाऱ्याच्या पाठीवर बाग फुलवली. राजवी नावाच्या चार वर्षांच्या मुलीने एकाच जागी इतके ठसे मारले की कागदाला भोक पडले, आणि त्या भोकातून ती सगळ्यांकडे बघत बसली. भिंतीवर लावण्याजोगे एकही चित्र हाती आले नाही. संध्याकाळी फरशी पुसता पुसता चांगदेवांनी दोष शोधून काढला. एका माणसावर फार कामे पडत होती. ज्याने कागद घ्यायचा, त्यानेच रंग लावायचा, त्यानेच देठ ओढायचा, गोंधळ होणारच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाके एका ओळीत लावली. पुठ्ठ्याला भोके पाडून साचा केला, म्हणजे फूल जिथे हवे तिथेच उमटावे. एकाने कागद सरकवायचा, दुसऱ्याने लाल फूल मारायचे, तिसऱ्याने पिवळे, मग देठ, मग पान, आणि शेवटच्याने कागद उन्हात ठेवायचा. मुलांना आबांची ही आगगाडी भलतीच आवडली. राजवीला त्यांनी कागद सरकवायला बसवले, कारण तिथे रंगाशी संबंध येत नव्हता. सुट्टी होईपर्यंत नीटनेटक्या, एकसारख्या चित्रांची चळत तयार झाली. चांगदेवांनी प्रत्येक चित्राखाली वळणदार अक्षरात एकेका मुलाचे नाव घातले आणि ओळंबा धरून ती भिंतीवर लावली.

शुक्रवारी गौतमी परतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने सगळी चित्रे पाहिली. शेवटी म्हणाली, "अगदी सरळ लावलीत, मामा." चांगदेवांना ही शाबासकी वाटली.

शनिवारी पालक आले. कुणी शिफ्ट संपवून गणवेशातच आले होते, कुणी शिफ्टला निघण्याच्या बेतात होते. त्यांत राजवीची आई नीलम होती. मूळची पाटसची, आता गाड्यांची वायरिंग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. व्हॅनवाल्याशी सर्वांत आधी तीच बोलली होती, आणि इतर आया तिच्याकडे बघूनच काय ते ठरवणार, हे गौतमीला ठाऊक होते. राजवीच्या नावाचे चित्र सापडताच नीलमने फोटो काढायला मोबाइल वर धरला.

"किती ग्वाड काढलंस गं. फूल कसं केलंस, सांग की."

"मी न्हाई केलं," राजवी म्हणाली. "मी कागद सरकवती."

"आन् फूल?"

"फूल संबोधी मारती. देठ समर्थ काढतो. मी फकस्त सरकवती. आबा म्हणले, मी लई फास्ट हाय."

खोलीत हशा पिकला. एका बापाने आपल्या मुलाला लाइनीवर त्याचे स्टेशन कोणते ते विचारले, आणि मुलाने छाती काढून, आपण लास्टला आहोत, असे सांगितले. ओव्हरटाइम मिळतो का, अशीही मागून चौकशी झाली. चांगदेवही हसू लागले होते, तोच त्यांचे लक्ष नीलमकडे गेले. तिने मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला होता.

"आबा, कामाला लागल्यापासून मी एकच क्लिप बसवते," ती शांतपणे म्हणाली. "रस्त्यानं गाडी गेली तर पोरीला दावता येत न्हाई, की ह्यातलं माझं काय हाय. आन् हिला चौथ्या वर्षीच लाइनीवर घेतली व्हय तुम्ही?"

हशा थांबला. गौतमी सावरून घेण्यासाठी पुढे झाली, पण चांगदेवांनी तिला हातानेच थांबवले.

"गौतमीनं मला सांगितलं होतं, सांडू द्या," ते म्हणाले. "मला सांडलेलं बघवलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही. थोडा वेळ बसा सगळे."

ते चप्पल घालून बाहेर गेले. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर भेंडी संपली होती, तेव्हा जे होते ते घेऊन आले: ढोबळी मिरची, कांदे, दोडका आणि कारली. भाज्या आडव्या कापल्या, बाके पांगवली. साचा कपाटामागे सारला. प्रत्येक मुलापुढे एक कोरा कागद आणि सर्वांमध्ये रंगाच्या वाट्या आल्या. पालक सतरंजीवर बसले खरे, पण लवकरच गुडघ्यांवर आले.

राजवीने कारले निवडले. त्याची दातेरी चकती निळ्या रंगात बुचकळून तिने कागदावर दाबली, घसरवली, पुन्हा दाबली. कागद हलू नये म्हणून नीलमने बोट टेकवले.

"मम्मी, हात काढ. माझं हाय ते."

नीलमने हात काढला. शेजारी, दिवसभर मालाची तपासणी करणाऱ्या एका बापाने मुलाला फूल उलटे झाल्याचे दाखवून दिले, तर मुलगा म्हणाला की ते झोपले आहे. कुणाच्या तरी शर्टाच्या खिशावर कांद्याचा ठसा उमटला. लाल रंगाची वाटी कलंडली आणि ओघळ बाकावरून फरशीवर आला. चांगदेवांनी झटकन फडके उचलले, मग फडके दोन्ही हातांनी पाठीमागे घट्ट धरून ते तसेच उभे राहिले.

"हे काय गं काढलंस?" नीलमने विचारले.

"गोगलगाय. तिला शंभर पाय हायत. ती पाटसला आज्जीकडं चाललीय, पण म्होरं उसाची ट्रॉली हाय, म्हणून अडकलीय."

"मग पोचती का न्हाई?"

"पोचती. पण आज्जी झोपल्याली असती."

गोगलगायीला चहा कोणी दिला, इथपर्यंतची हकिगत नीलमने न हलता ऐकून घेतली. मग तिने मान वर केली. "गौतमीताई, सोमवारी काय करून घेणार हाय?"

"चिकणमाती," गौतमी म्हणाली. "ज्याला जे सुचेल ते."

"कपडे घाण व्हणार म्हणायचे."

"होणार."

"मग जुना फ्रॉक घालून धाडते. व्हॅनवाल्याला सांगते, यंदा न्हाई." तिच्यामागे बसलेल्या बाईने आपल्या मुलाच्या तोंडातून ढोबळी मिरची काढत विचारले, जूनमध्येही हीच वेळ राहणार का. आणखी दोघींनी तेच विचारले, आणि गौतमी सर्वांना एकदमच हो म्हणाली.

चित्रे वाळली तेव्हा भिंत रिकामी करून चांगदेव ती लावायला लागले. राजवीची गोगलगाय त्यांनी सवयीने काटकोनात धरली.

"असं न्हाई, आबा," राजवी खालून म्हणाली. "ती चढावर हाय. तिरकं धरा."

त्यांनी चित्र थोडे कलते केले.

"अजून."

त्यांनी आणखी तिरके केले आणि टाचणी मारली.