जाळीवरची गाठोडी

हिंमतरावांनी ती पेटी एका हातानं उचलली, तोलली आणि मुद्दाम मोठ्यानं हसले.

"हाई? हाई तं पानपुडानी डबी शे, भिला!"

भिला हसला नाही. तो जुन्या वायरमन हिंमतरावांच्याच हाताखाली वायर सोलायला शिकलेला. मध्ये सुरतेला एका गिरणीत राहून आला आणि येताना ही विटेएवढी पेटी घेऊन आला. नंदुरबारच्या त्या जिनात कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांचं नवं कंट्रोल कपाट बसत होतं. आतल्या रिलेंना, म्हणजे यंत्रं चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्यांना, लागणारा सौम्य वीजपुरवठा आजवर ट्रंकेएवढ्या रेक्टिफायरमधून व्हायचा. ते धूड नव्या कपाटात काही केल्या मावेना. भिलाची पेटी तेच काम करणारी होती.

"आप्पा, तुम्हीच सांगा," जिनाचे मालक चुनीलाल शेठ हिंमतरावांना म्हणाले.

"कपाट मोठं करा. मुंबईहून जुन्याच बनावटीचा रेक्टिफायर मागवा. असल्या हलक्या वस्तूचा मला भरवसा नाही."

"शेठ, मोठा डबामा कापूसनं तूस भरी जास, मंग तो तापस," भिला हळूच म्हणाला. "हाई पेटी कमी तापस. फक्त वरनी जाळी मोकळी ठेवानी. झाकाई गई तं जळी जाई."

पेटी जोडली. सगळ्या रिले एकदम चालू करून पाहिल्या, कपाटावरचे दिवे जराही मंदावले नाहीत. शेठ खूश झाले. नव्या कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या. एक त्यांनी हिंमतरावांना दिली आणि दुसरी, सगळ्यांसमोर, भिलाला!

हिंमतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. कालपर्यंत जुन्या कपाटाची किल्ली एकच होती आणि ती त्यांच्या करदोड्याला होती. त्या किल्लीवर त्यांचा सगळा मान होता. सकाळी कापूस निवडणाऱ्या बाया भाकरीची गाठोडी घेऊन यायच्या, हिंमतराव कपाट उघडायचे आणि गाठोडी त्या ऊन रेक्टिफायरवर रचली जायची. दुपारी गरम भाकरी निघाली की पहिला तुकडा आप्पांचा, ही जिनातली रीत. कुणाची लसणाची चटणी, कुणाचा ठेचा. घरी बायको नव्हती. दुपारचं जेवण त्यांचं हेच. आता त्या कपाटालाही वाटेकरी आला.

दुसऱ्या दिवशी तुळशीबाई सगळ्यांची गाठोडी घेऊन नेहमीसारखी दारात आली.

"आप्पा, कोठे ठेवू?"

हिंमतरावांनी कपाट उघडलं. पेटीच्या वरची जाळी स्वच्छ, मोकळी होती. जळू दे, त्यांना वाटलं. एकदा जळू दे, मग शेठ कुणाचं ऐकतात ते बघू.

"ठेव तेन्हावरच," ते म्हणाले.

तिनं एकावर एक गाठोडी रचली. त्यांनी दार लावलं, किल्ली फिरवली आणि ते दूर वखारीतल्या तारा तपासत बसले. हात तारांवर, कान मात्र जिनाकडे. आता बंद पडेल, मग बंद पडेल. यंत्रं आपली घरघरतच राहिली. मेली पेटी जळत का नाही?

दुपारचा भोंगा झाला. हिंमतरावांनी घाईनं येऊन कपाट उघडलं. पेटी शाबूत होती. वरची जाळी मोकळी होती. एकही गाठोडं नव्हतं.

"आप्पा, इकडे!" यंत्रं फिरवणाऱ्या मोठ्या मोटारीजवळून तुळशीबाईची हाक आली. मोटारीच्या तापलेल्या रुंद पाठीवर, पट्ट्यापासून दूर, सगळी गाठोडी ओळीनं मांडलेली होती. बाया ती उतरवत होत्या. बाजूला भिला हात पुसत उभा होता. त्याची किल्ली खिशाबाहेर लोंबत होती.

"भिला सांगस, मोटारवर ठेवानं तुम्हीनच सुचाडं म्हणे," तुळशीबाई म्हणाली. "पहिलापेक्षा गरम शे, आप्पा. चांगलं डोकं चालाडं तुम्हीन!"

हिंमतरावांनी भिलाकडे पाहिलं. भिलानं नजर खाली घातली, चोरी जणू त्याचीच पकडली गेली होती.

रीतीप्रमाणे पहिला तुकडा त्यांच्या हातावर आला, वर लसणाची चटणी. सगळ्या बाया ते खातील म्हणून थांबल्या होत्या.

"गरम शे ना, आप्पा?"

"शे," ते म्हणाले.

घास तोंडात घोळत राहिला. भाकरी गार असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.