श्रावणजींचं सागवानी दार

नाचणगावच्या मुलींचा वर्ग कडुनिंबाखाली भरायचा. इन्स्पेक्टरसाहेबांनी गोपिकाबाईंना बजावून ठेवलं होतं, जूनपर्यंत छप्पर आलं नाही तर वर्ग बंद. मग चोवीस मुली घरी बसणार, आणि घरी बसलेली मुलगी म्हणजे बोहल्यावर उभी.

म्हणून बाई पुलगावला श्रावणजींच्या लाकडाच्या वखारीत गेल्या. श्रावणजी शून्यातून वर आलेले. सासऱ्यानं दिलेली वखार सोडली, तर त्यांना कोणी काही दिलं नव्हतं.

"मले कोणं छप्पर देलं होतं का?" ते म्हणाले. "फुकटचं भेटलं का माणूस बिघडते, बाई. पण तुम्ही तीनदा आल्या, त दार देतो. सागवानी. बाकी तुमचं तुम्ही पाहा."

१९५४च्या वैशाखात मोकळ्या मैदानात चौकट उभी राहिली. हळदकुंकू वाहिलं, आंब्याचं तोरण लागलं, श्रावणजींचं नाव कोरलेलं दार बसलं. भिंत मात्र एकही नाही. एक बकरी शेजारून आत गेली, तसे श्रावणजी खवळले.

"हाकला तिले! शाळेत जायचं त दारातून. बाजूनं गेलं का माह्या दानाचा अपमान!"

गावानं मान डोलावली. पूजलेल्या चौकटीला वळसा घालणं तसंही कोणाला बरं वाटलं नसतं.

भर बाराला श्रावणजी उंबरा ओलांडून आत गेले आणि तिथून, निंबाच्या सावलीत बसलेल्या गावाला स्वावलंबन समजावू लागले. गोपिकाबाईंनी शांतपणे दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

"वर्ग भरला जी. पाचले सुटते."

"अवं, ऊन पाहा कसं तापून राह्यलं!"

"पोरींले सवय आहे. तुमालेबी होईन."

श्रावणजींनी डावीकडे पाहिलं. मोकळं मैदान. उजवीकडे पाहिलं. तेही मोकळंच.

"बाजूनं नोका येजा हं, श्रावणजी!" सावलीत बसलेल्या बायांमधून मनकर्णाबाई काळजीनं ओरडली. "अपमान होईन!"

अर्ध्या तासात श्रावणजींनी फेटा सोडून डोक्यावर पसरला. मग दारावर थापा पडल्या.

"बाई! भिंतीचं मागून पाहू. आधी छप्पर टाका! आढ्याले बल्ल्या न्या, वरतं घालाले कवेलू न्या, सारं माह्याकडून!"

"लिहून देता का जी?"

फटीतून कागद-पेन्सिल आत गेली. श्रावणजींनी उकिडवं बसून लिहिलं. बाईंनी ते वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या, पुन्हा लिहायला लावलं आणि मगच कडी काढली.