बंडीची वर्दी

मित्रांनो, हसू नका. ही लाकडी पेटी, ही पितळी मूठ आणि वाळवीनं खाल्लेली ही पाठ म्हणजे मीच, घाटाखालच्या नाक्यावरचा जुना टेलिफोन. चांदा जिल्ह्यात, अहेरीकडच्या जंगलात, एकोणीसशे चोपन्न साली मला तिथल्या भिंतीवर ठोकलं.

घाट इतका अरुंद, की सागाचे ओंडके भरलेला ट्रक उतरू लागला की समोरच्याला वाटच उरत नसे. म्हणून वर एक नाका, खाली एक नाका, आणि दोन्हींचा हुकूम सात कोसांवरच्या लाकडाच्या डेपोतून. तिथे घनश्यामबाबू बसत. एक घंटी वरच्या नाक्याला, दोन घंट्या आम्हाला. त्यांनी सांगावं आणि नाकेदारानं आडवी बल्ली वर करावी. बाबूंनी घाट कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तारेवरून ऐकू येई तोच त्यांचा घाट. मला याचा भारी तोरा होता!

एक खोड मात्र सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. वर्दी, म्हणजे आत काय सोडलं ते बाबूंना तारेवरून कळवणं, द्यायची ती फक्त ट्रकची. बैलबंड्या आपल्याच गावच्या, त्यांचं काय सांगायचं? डेपोच्या साहेबांनी आमच्या मुखरू नाकेदाराला बजावलं होतं, "पुन्हा बिनवर्दीची बंडी आत दिसली तर घरी जाशील." मुखरू मान डोलवी आणि बंड्या सोडी.

एके सकाळी डोमाची बंडी धावत आली. आत त्याची सून सुकरी कण्हत होती.

"मुखरूभाऊ, दोन दिवस झाले, पोरीची सुटका नाई होऊन राह्यली. वरच्या दवाखान्यात नेतो."

मुखरूनं बल्ली उचलली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बंडी वळणाआड गेली आणि माझ्या दोन घंट्या वाजल्या.

"मुखरू, वरून तीन ट्रक सोडून राह्यलो. रस्ता मोकळा हाये ना?"

"मोकळा हाये, बाबू."

सवयीनं बोलून गेला. रिसीव्हर ठेवला आणि त्याला आत सोडलेली बंडी आठवली. खरं सांगावं तर नोकरी जाणार. घरी बायको शकुबाई, आंधळी आई. त्याचा हात मुठीवर आला, मागे गेला. मित्रांनो, मला स्वतःचा आवाज नाही याचं जे दुःख तेव्हा झालं, ते आजही गेलेलं नाही. अखेर त्यानं मूठ गरगरा फिरवली.

"बाबू, थांबवा! आत बंडी हाये. अडलेली बाई हाये तिच्यात. मी वर्दी नाई देली!"

वरची बल्ली पडली. दोन ट्रक थांबले. पहिला निघून गेला होता.

त्या ड्रायव्हरनं वळणावर ट्रक डोंगराला घासून थांबवला, तरी डोमाचा एक बैल गेला. सुकरीला उचलून वर नेलं आणि तिथे थांबलेल्या एका ट्रकनं दवाखान्यात पोचवलं. ती वाचली, बाळ वाचलं नाही. दोन दिवसांच्या कळांनी की त्या हादऱ्यानं, कुणाला सांगता आलं नाही. मुखरूनं मात्र ते स्वतःवरच घेतलं.

त्याची नोकरी गेली. नवा नाकेदार पत्रू आला. आठव्या दिवशी मुखरूचीच बंडी नाक्यावर आली. भांडीकुंडी, शकुबाई, म्हातारी, सगळं तीत होतं. पत्रूनं बल्लीला हात घातला. मुखरू खाली उतरला.

"आधी वर्दी दे, पत्रू."

"तुयीच तं बंडी, भाऊ. तुयी काऊन वर्दी द्याची?"

"मायी हाये म्हून तं दे."

पत्रूनं माझी मूठ फिरवली. "बाबू, एक बंडी आत सोडतो."

"कोणाची?"

"मुखरूभाऊची."

 घनश्यामबाबू म्हणाले, "जाऊ दे. तो वर पोचेपर्यंत मी एकबी ट्रक सोडत नाई."

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा असं मी म्हणत नाही. पण दूर बसून रस्ता उघडणाऱ्याला तुमच्याइतकं दिसत नसतं. तुम्हाला दिसेल ते त्याला वेळेवर सांगा, क्षुल्लक म्हणून गाळू नका. त्या आठव्या दिवशी भरलेले ट्रक वरच्या नाक्यावर उभे राहिले आणि मुखरूची बंडी सावकाश घाट चढून गेली.